चुन्याचा हिशेब
(तृतीय वर्ष कला)

गणिताशी माझं वैर जुनं आहे. दहावीच्या परीक्षेत त्याने मला काठावर सोडलं आणि मीही त्याच दिवशी त्याला अखेरचा नमस्कार करून कला शाखेचा अर्ज भरला. यापुढे एस. टी.च्या कंडक्टरकडून सुटे पैसे मोजून घेण्यापलीकडे आकड्यांशी आपला संबंध येणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण माणूस ठरवतो एक आणि होतं भलतंच! शेवटी ज्या गणिताला मी वर्गात चुकवलं, त्याने मला आमच्या घरामागच्या मळ्यात गाठलं. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे असं नाही. किंबहुना न सांगण्यासारखीच जास्त आहे. तरीही सांगतो.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. भाताची थोडी शेती, चार हापूसची आणि दोन रायवळ आंब्याची झाडं, आणि घरामागे मळा. मळा म्हटलं की घाटावरच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उसाचे फड येतील. आमचा मळा तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद, म्हणजे बरोबर एक गुंठा! बाबा मुंबईला एका कारखान्यात नोकरीला. घरात आजी, आई, धाकटी बहीण आणि मी. मळा आईचा. भात झोडून झालं की ती वाफे पाडते. मुळा, माठ, मिरची, वांगी, पावटा आणि टोमॅटो. घरापुरतं ठेवून उरलेलं आठवड्याच्या बाजारात टोपलीतून जातं. त्या टोपलीतून माझ्या एस. टी.चा पास निघतो, बहिणीच्या वह्या निघतात आणि परीक्षेची फीसुद्धा निघते. टोमॅटो हे त्या टोपलीतलं मुख्य पीक. म्हणजे पदवीच्या वाटेवर मी आजवर जी काही मजल मारली, तिच्यात टोमॅटोचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे.

२०२४ सालच्या जानेवारीत आई विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हात प्लॅस्टरमध्ये घातला आणि सहा आठवडे गळ्यात बांधून ठेवायला सांगितला. आईचा उजवा हात गळ्यात म्हणजे आमचं घरच गळ्यात आलं. स्वयंपाक आजीने आणि बहिणीने वाटून घेतला. मळा माझ्याकडे आला.

"रोज दिवेलागणीच्या आत पाणी घालायचं," आईने बजावलं. "एकेका वाफ्याला चार कळश्या. जास्त नको, कमी नको. आणि रोज, बरं का."

"हो गं," मी म्हटलं.

आठ वाफे, बत्तीस कळश्या. रहाटाने पाणी ओढायचं, कळशी भरायची आणि न्यायची. पहिला आठवडा मी हे काम मोठ्या उत्साहाने केलं. आईच्या जागी उभं राहिल्याचा एक अभिमानही होता. पण नंतर महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. एकांकिकेत मला इनामदाराची भूमिका मिळाली होती. इनामदाराला तीनच प्रवेश होते, पण इनामदाराचा रुबाब अंगात भिनायला वेळ लागतो! तालीम संपून शेवटच्या गाडीने घरी पोचेपर्यंत साडेसात वाजायचे. काळोखात विहिरीवर जायचं जिवावर येई. मग मी एक सोपं गणित मांडलं. रोज चार कळश्या म्हणजे दोन दिवसांच्या आठ. आज चुकलं तर उद्या आठ घालू. बेरीज तीच! पुढे दोन दिवसांचे तीन दिवस झाले, तीन दिवसांचे एकदा चार झाले. मग रविवारी मी विहिरीवर उभा राहून वाफे अक्षरशः तुडुंब भरून काढी आणि आठवड्याचा हिशेब चुकता केल्याच्या समाधानाने घरात येई. घरात कुणी विचारलं तर उत्तर तयार असे : "घातलं पाणी."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोची फळं दिसायला लागली. वरून पाहिली तर हिरवीगार, तुकतुकीत. एक उचलून पाहिलं आणि हात झटकलाच. देठाच्या विरुद्ध बाजूला, फळाच्या बुडाशी, रुपयाएवढा काळपट, खोलगट, चामड्यासारखा डाग. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. दहांतली सहा-सात फळं तशीच. वरून राजस आणि खालून सडकी. आजीने बाहेर येऊन एक फळ हातात घेतलं आणि नजर लागल्याचं जाहीर केलं. शेजारच्या काकांनी करपा म्हणून निदान केलं आणि पंप घेऊन औषध मारायला निघाले. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तिने ते फळ नुसतं उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

बाबांच्या ओळखीचे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारच्या गावात राहतात. त्यांच्याकडे मी चार फळं घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा रोग नव्हे. औषध मारू नका. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचलेलं नाही." मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "पाणी वेळेवर असतं ना?"

"हो, रोज," मी म्हणालो.

या दोन शब्दांवर पुढचं सगळं गणित उभं राहिलं. खोट्या पायावर किती नेटकी इमारत उभी राहू शकते, याचा तो नमुना होता.

"मग जमिनीतच कमी असणार," ते म्हणाले. "मातीची तपासणी करून घ्या. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत कॅल्शियम येत नाही, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं."

ही गोष्ट मला नवी होती. २०१५ साली सुरू झालेल्या त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. कॅल्शियमचं नाव त्यात नाही. घरात राबणाऱ्या माणसाचं नाव रेशनकार्डावर घालायचं राहून जावं, तशी ही गत.

मग मी माती काढली. तीही वाटेल तशी काढून चालत नाही. मळ्यात आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची, शेणखताच्या ढिगाजवळची आणि बांधाजवळची घ्यायची नाही. सगळी एकत्र कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा कालवायची, पुन्हा चार भाग. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. मळ्यातल्या वीस हजार किलो मातीची वकिली अर्ध्या किलोने करायची असते, तेव्हा वकील निवडताना काळजी ही घ्यावीच लागते.

वीस हजार हा आकडा मी नंतर काढला, त्याकडे येतोच. आधी तपासणीचा कागद आला. सामू ५.४. म्हणजे माती आम्ल. विनिमयक्षम कॅल्शियम, १०० ग्रॅम मातीला २ मिलिइक्विव्हॅलंट. निवृत्त गृहस्थांनी कागद पाहून सांगितलं, "भाजीपाल्याला हे कमी. चारपर्यंत न्या. किती चुना लागेल याचा हिशेब करा. तुम्ही कॉलेजात शिकता ना?"

कॉलेजात मी मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकतो, हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

आमची माती अशी का, याचा शोध घेताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्या जांभ्या दगडाची आमची घरं, त्याच्याच कुळातली आमची माती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी जमिनीतून खाली जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी विरघळणारी द्रव्यं हजारो वर्षं वाहून नेत आलं. मागे राहिले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे न विरघळणारे अंश. आमच्या मातीचा तांबडा रंग, ज्याच्यावर कवींनी इतकं प्रेम केलं, तो या लोखंडाचा. माझा एक वर्गमित्र मूळचा सोलापूरकडचा, वडिलांच्या बदलीमुळे इकडे आलेला. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "आमच्या रानात खणलं की चुनखडी लागते. चुन्यापायी पिकं पिवळी पडतात. तुम्हाला विकत घ्यावा लागतो होय!" एकाच महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या एका बाजूला जे उतू जातं, तेच दुसऱ्या बाजूला मोजून घालावं लागतं!

तर हिशेब. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मुळं मुख्यतः वरच्या सहा इंचांत, म्हणून खोली अर्धा फूट. गुणाकार ५४४.५ घनफूट. एका घनफुटाचे सुमारे २८.३ लिटर, म्हणजे पंधरा हजार चारशे लिटर माती. आमच्यासारख्या मातीचा एक लिटर साधारण १.३ किलो भरतो असं धरलं, तर वजन झालं वीस हजार किलो. हा आकडा आला तेव्हा मी मळ्याकडे खिडकीतून पाहिलं. आईचा एवढासा मळा वीस टनांचा होता!

आता कॅल्शियम. दोनाचे चार करायचे, म्हणजे १०० ग्रॅम मातीत २ मिलिइक्विव्हॅलंट वाढवायचे. कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, हे दहावीच्या पुस्तकातून कसंबसं आठवलं. दोन गुणिले चाळीस, ऐंशी मिलिग्रॅम. किलोला आठशे. वीस हजार किलोंना सोळा किलो कॅल्शियम. शेतीच्या चुन्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्यात कॅल्शियम शंभरात चाळीस. म्हणजे चाळीस किलो शुद्ध चुना हवा. मिळणारा चुना ऐंशी टक्के शुद्ध धरला, तर पन्नास किलो. मोबाईलवरच्या गणकयंत्रावर मी हे तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. चुकीचं गणित तीनदा केलं तरी तीनदा तेच चुकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एकीकडे घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. बहीण म्हणाली, अंड्यांची टरफलं टाकू, त्यात कॅल्शियम असतं. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं, हे खरं. पण एका टरफलात ते साधारण पाच ग्रॅम. वीस किलो जरी हवं म्हटलं तरी चार हजार अंडी झाली. आमच्या कोंबड्यांनी वर्षाकाठी तीनशे अंडी घातली, तर तेरा वर्षं! आजीने आपली चुन्याची डबी उघडली, विड्याच्या पानावर बोटाने चुना ओढला आणि म्हणाली, "मेल्या, चुना थोडाच लावायचा असतो. जास्त झाला की तोंड भाजतं. जमिनीला काय तोंड नाही?" मी हसलो. त्या वाक्यातलं रसायनशास्त्र मला चार दिवसांनी कळलं.

याच काळात ग्रंथालयात बसून मी थोडं वाचलंही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एडमंड रफिन नावाचा एक जमीनदार होता. गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून त्याचं नाव इतिहासात काळंच आहे. पण त्याने १८१८ साली आपल्या नापीक, आम्ल जमिनीत जुन्या सागरी शिंपल्यांनी भरलेली माती आणून टाकली आणि पीक वाढलेलं पाहिलं. १८३२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'चुनायुक्त खतांवरील निबंध', अशा अर्थाचं. निबंध! मला मोठा धीर आला. चुन्यावर निबंध लिहिता येतो, तर निबंध लिहिणाऱ्याला चुना का मोजता येऊ नये? शिवाय शिंपले भाजून चुना करणं हे तर आमच्या किनाऱ्याला परकं नाही. मुंबईतल्या चुनाभट्टी या स्थानकाचं नावही चुन्याच्या भट्ट्यांवरूनच पडलेलं आहे. बाबा आयुष्यभर त्या स्थानकावरून जातात.

पन्नास किलोंचा आकडा घेऊन मी आपल्या आवारातल्या विज्ञान शाखेच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो. सरांनी कागद पाहिला, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "कॅल्शियमची संयुजा किती?"

मी गप्प.

"दोन. कॅल्शियमचा एक कण दोन हातांनी मातीला धरतो. इक्विव्हॅलंट मोजतात ते हात, कण नव्हेत. म्हणून चाळीसाला दोनाने भागायचं. चाळीस नव्हे, वीस."

झालं! सोळाचे आठ झाले, चाळीसाचे वीस, पन्नासाचे पंचवीस. पेन्सिलीच्या एका खुणेने माझा निम्मा चुना उडाला.

"पन्नास किलो टाकला असता तर काय झालं असतं सर? थोडं जास्त कॅल्शियम मिळालं असतं," मी बचाव केला.

"जास्त चुन्याने सामू वर चढतो आणि जस्त, लोह, बोरॉन ही द्रव्यं जमिनीत असूनही झाडाला उचलता येत नाहीत. पानं पिवळी पडतात. टाकलेला चुना परत काढता येत नाही. कमी टाकला, तर पुढल्या वर्षी घालता येतो." मला आजीची डबी आठवली. जमिनीला तोंड असतं.

मी विचारलं, जिप्सम टाकलं तर? सर म्हणाले, "जिप्सममध्ये कॅल्शियम शंभरात तेवीस. तुमच्या आठ किलोंसाठी चौतीस किलो लागेल. पण त्याने आम्लता कमी होत नाही. ते घाटावरच्या चोपण जमिनीचं औषध. तुमची माती आम्ल आहे, तुम्हाला चुनाच हवा. बारीक दळलेला, आणि लागवडीच्या महिनाभर आधी मातीत मिसळलेला." मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. "पण हे सगळं पुढल्या वर्षासाठी. आत्ताच्या फळांना याचा उपयोग नाही. आणि मला एक कळत नाही. जमिनीत कॅल्शियम कमी आहे, पण अगदी शून्य नाही. गेल्या वर्षी याच मातीत टोमॅटो झाले होते ना?"

"झाले होते. चांगले झाले होते."

"मग यंदाच काय झालं?"

मी काही बोललो नाही. सर मात्र बोलत राहिले. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं. मुळांनी पाणी ओढलं, पानांनी हवेत सोडलं की त्या ओढीने पाणी वर जातं आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम. पानं पाणी पुष्कळ सोडतात, फळ फार थोडं. म्हणून पानांना आधी आणि फळाला सर्वांत शेवटी. फळातही देठापासून लांबच्या टोकाला सगळ्यांच्या शेवटी. आणि इतर काही द्रव्यांसारखं कॅल्शियम जुन्या पानांतून काढून फळाला देता येत नाही. एकदा जिथे बसलं, तिथे बसलं. फळ वाढत असताना चार दिवस पाणी तुटलं, की त्या चार दिवसांत घडणाऱ्या पेशींच्या भिंती कच्च्या राहतात. पाचव्या दिवशी वाफा भरून टाकला तरी त्या पेशी पुन्हा घडत नाहीत.

"म्हणजे बेरीज सारखी असली तरी..." मी अडखळलो.

"बेरीज झाडाला कळत नाही," सर म्हणाले. "झाडाला रोज कळतो."

त्या दिवशी तालीम होती. मी गेलो नाही. दुपारच्या गाडीने घरी आलो. आई पडवीत डाव्या हाताने शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. तालीम, साडेसात, आठ कळश्या, रविवारचं तुडुंब पाणी, आणि त्या गृहस्थांपुढे तोंडातून निघालेलं "हो, रोज."

आईने शेंग सोलणं थांबवलं नाही. "ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "वाफ्याच्या कडेला भेगा दिसत होत्या. हात मोडलाय, डोळे नाही मोडलेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तू आपणहून सांगतोस का, ते बघत होते." थोड्या वेळाने तिने कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी दाखवली. डॉक्टरांनी हाडासाठी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. "हे बघ. रोज एक सांगितलीय. मी सहा दिवस काही घेतलं नाही आणि रविवारी सात गोळ्या एकदम गिळल्या, तर हाड जुळेल का रे?"

सरांनी पाऊण तास जे समजावलं होतं, ते आईने एका गोळीत बसवलं. मी उठलो आणि रहाटाकडे गेलो.

त्या हंगामाचे टोमॅटो बहुतेक गेले. नंतर धरलेली फळं चांगली निघाली, पण तोवर बाजाराचे चार आठवडे रिकामे गेले होते. परीक्षेची फी बाबांनी कारखान्यातून उचल घेऊन पाठवली. आईने त्यांना फोनवर "यंदा टोमॅटोवर रोग पडला" एवढंच सांगितलं होतं. मार्चमध्ये शिमग्याला बाबा घरी आले, तेव्हा पालखी नाचून गेल्यावर मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते रागावतील अशी तयारी ठेवली होती. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं, विहिरीचा काठ खरवडायला घेतला आणि शेवाळ काढून तिथे खडबडीत चिरे बसवले. मी सिमेंट कालवत होतो. "हे आधीच करायला हवं होतं," ते म्हणाले. "मीही दर वर्षी पुढल्या शिमग्याला करू म्हणत राहिलो." हिशेब चुकवणारा घरात मी एकटाच नव्हतो, हे तेव्हा कळलं. पण त्याने मला आनंद झाला नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला, मातीत ओल होती, तेव्हा आम्ही चुना घातला. पंचवीस किलो चुन्याचे आठ वाफ्यांसाठी आठ भाग केले, प्रत्येकी तीन किलो सव्वाशे ग्रॅम. नाकाला फडकं बांधून, वारा नसताना पसरला आणि कुदळीने सहा इंच खाली मिसळला. आईचा हात तोवर बरा झाला होता. तिने मिसळताना दोनदा मला मागे बोलावून "इथे राहिला" म्हणून दाखवलं. युरिया आणि चुना एकत्र पडू नयेत, नाहीतर नत्र वायू होऊन उडून जातं, हेही सरांनी बजावलं होतं. आणि त्यांच्याच सांगण्यावरून आठवा वाफा तसाच ठेवला. त्यात चुन्याची चिमूटही घातली नाही. "नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार कसं?" सर म्हणाले होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत टोमॅटो आले. सात वाफ्यांत काळ्या बुडाचं फळ शोधून सापडेना. मी आठव्या वाफ्याकडे गेलो आणि एकेक फळ उलटून पाहिलं. तिथे पाच-सहा निघाली. बाकीची सगळी धड होती. चुना नव्हता, तरीही धड होती. कारण त्या वर्षी आठही वाफ्यांना रोज चार कळश्या पाणी मिळालं होतं. चुन्याने फरक पडला नाही असं नाही. चुन्याच्या वाफ्यांतला पावटा आठव्या वाफ्यातल्या पावट्यापेक्षा सरस होता, हे आजीसुद्धा मान्य करते. पण टोमॅटोंचं काळं तोंड मुख्यतः कशाने झालं होतं, याचा निकाल आठव्या वाफ्याने दिला. एका मळ्यातल्या एका हंगामावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. माझ्यापुरता निकाल लागला.

कधी कधी वाटतं, त्या गृहस्थांपुढे मी खरं बोललो असतो, तर माती तपासली गेली नसती, चुन्याचा हिशेब झाला नसता आणि आमच्या जमिनीची खरी भूक कधी कळलीच नसती. पण ही पळवाट झाली. चुकीच्या रस्त्याने गेलेल्याला वाटेत एखादं देऊळ लागलं, म्हणून तो रस्ता बरोबर ठरत नाही.

आता आमचं वर्ष संपत आलं. परीक्षेच्या आधीच्या रात्री सगळा अभ्यास उरकण्याची आपल्या महाविद्यालयाची परंपरा थोर आहे आणि मी तिचा निष्ठावंत पाईक होतो. यंदा मात्र रोज एक तास बसतोय. किती दिवस टिकेल, सांगवत नाही. संध्याकाळ झाली की मात्र घड्याळाकडे लक्ष जातं. हा मजकूर संपादकांकडे देऊन मला साडेचारची गाडी गाठायची आहे. बत्तीस कळश्या राहिल्यात.